भारतवर्षीय महिला विद्यापीठ आणि जपानी स्त्रीशिक्षणाचा आदर्श

भारतवर्षीय महिला विद्यापीठ हे धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांनी १९१६ मध्ये पुण्याजवळील हिंगणे येथे स्थापन केलेले भारतातील पहिले महिला विद्यापीठ होय. पुढे त्यास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ असे नाव मिळाले. या विद्यापीठाची कल्पना कर्वे यांना तोक्यो येथील जपान महिला विद्यापीठाची माहिती देणाऱ्या एका पुस्तिकेवरून सुचली. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानमध्ये घडलेली आधुनिक स्त्रीची प्रतिमा, म्हणजे सुशिक्षित पत्नी व सुजाण माता, महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या विचारात आली. दोन्ही देशांत या आदर्शाने मुलींना शाळेची व महाविद्यालयाची वाट मोकळी करून दिली आणि त्याच वेळी त्या वाटेला मर्यादाही घातल्या. या मर्यादांविषयीचा पहिला गंभीर प्रश्न दोन्हीकडे त्याच संस्थांत शिकलेल्या स्त्रियांनी विचारला.

जुना आदर्श आणि त्याचे नवे रूप

चीन, कोरिया व जपान या तिन्ही देशांत स्त्रीच्या वर्तनाचे पारंपरिक नियम कन्फ्यूशियसप्रणीत ग्रंथांतून आले. स्त्रीने बालपणी पित्याच्या, विवाहानंतर पतीच्या व वैधव्यात पुत्राच्या आज्ञेत राहावे, हा त्यांतील 'तीन आज्ञापालनां'चा नियम. मनुस्मृतीतील स्त्रीविषयक विधानाशी त्याचे साम्य इतके जवळचे आहे की मराठी वाचकाला तो परका वाटू नये. जपानमध्ये अठराव्या शतकापासून 'ओन्ना दाइगाकु' नावाचे एक छोटे पुस्तक मुलींच्या हाती दिले जात असे. ते काइबारा एक्केन या विद्वानाच्या नावावर चालते. सासू-सासऱ्यांची सेवा, मितभाषण, मत्सराचा त्याग असा त्यातील उपदेशाचा रोख आहे. विचारवंत फुकुझावा युकिची यांनी १८९९ मध्ये या पुस्तकावर कठोर टीका लिहिली.

मेजी राजवटीने १८७२ मध्ये देशव्यापी शिक्षणाचा आदेश काढला, तेव्हा त्यात मुलगे व मुली दोघांचाही समावेश होता. प्रारंभी मुलींची उपस्थिती अत्यल्प होती. १९०४ च्या सुमारास मात्र प्राथमिक शाळेत जाण्याच्या वयाच्या मुलींपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुलींची नावे पटावर होती. हा आकडा लक्षात ठेवला पाहिजे, कारण जपान व महाराष्ट्र यांच्या तुलनेत तो पुढे निर्णायक ठरतो.

याच काळात 'र्‍योसाई केंबो' हा शब्दप्रयोग रूढ झाला. 'चांगली पत्नी, शहाणी आई' असा त्याचा अर्थ. हा विचार १८७० च्या दशकात नाकामुरा मासानाओ यांच्या लेखनात प्रथम ठळकपणे दिसतो. १८९९ च्या मुलींच्या माध्यमिक शाळांविषयीच्या आदेशानंतर तो सरकारी धोरण बनला. प्रत्येक प्रांतात मुलींची किमान एक माध्यमिक शाळा असावी, असे त्या आदेशाने ठरविले. वरवर पाहता हा आदर्श जुनाच वाटतो, परंतु तसे समजणे चुकीचे ठरेल. 'ओन्ना दाइगाकु'मधील स्त्री प्रामुख्याने सून होती आणि मुलांच्या शिक्षणाशी तिचा संबंध नव्हता. 'र्‍योसाई केंबो'मधील स्त्री आई आहे. राष्ट्राचे भावी नागरिक तिच्या हाताखाली वाढणार आणि म्हणून तिने शिकले पाहिजे, असा हा युक्तिवाद आहे. स्त्रीशिक्षणाच्या विरोधकांना तो खोडून काढणे अवघड गेले. मात्र स्त्रीने स्वतःसाठी शिकावे, हे या युक्तिवादात कोठेही नव्हते.

जपानहून ही कल्पना चीन व कोरियात गेली. अनेक चिनी तरुणी विसाव्या शतकाच्या प्रारंभी तोक्योत शिकत होत्या. शिमोदा उताको यांची शाळा या आदर्शाचे माहेरघर मानली जाई. तेथे शिकलेल्या छिउ चिन हिने मायदेशी परतल्यावर राजसत्तेविरुद्ध कट केला व १९०७ मध्ये तिचा शिरच्छेद करण्यात आला. त्याच वर्षी चिनी राजवटीने मुलींच्या प्राथमिक व अध्यापिका शाळांसाठी पहिले नियम प्रसिद्ध केले. कोरियात १८८६ मध्ये मेरी स्क्रँटन या अमेरिकन मिशनरी बाईंनी एका विद्यार्थिनीवर सुरू केलेल्या शाळेतून पुढे इह्वा महिला विद्यापीठ उभे राहिले.

नारुसे जिन्झो आणि जपान महिला विद्यापीठ

जपान महिला विद्यापीठाचे संस्थापक नारुसे जिन्झो (१८५८–१९१९) यांचे जन्मवर्ष कर्व्यांचेच. ख्रिस्ती धर्मोपदेशक व मुलींच्या शाळेतील शिक्षक म्हणून कार्य केल्यावर ते १८९० मध्ये अमेरिकेस गेले. तेथील महिला महाविद्यालये पाहून ते १८९४ मध्ये परतले आणि १८९६ मध्ये त्यांनी स्त्रीशिक्षणावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. स्त्रीला प्रथम माणूस म्हणून, त्यानंतर स्त्री म्हणून आणि मग राष्ट्राची घटक म्हणून शिक्षण द्यावे, असा क्रम त्यांनी या पुस्तकात मांडला. सरकारी धोरणात हा क्रम जवळजवळ उलटा होता, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

ओसाका येथील उद्योजिका हिरोओका आसाको यांनी या कल्पनेला प्रथम पाठबळ दिले. पुढे ओकुमा शिगेनोबु व शिबुसावा एइइची यांच्यासारखे राजकारणी व उद्योगपती पाठीशी उभे राहिले. मित्सुई घराण्याने तोक्योच्या मेजिरो भागातील जमीन दिली आणि एप्रिल १९०१ मध्ये संस्था सुरू झाली. गृहशास्त्र, जपानी साहित्य व इंग्रजी साहित्य असे तिचे तीन विभाग होते. वसतिगृहांची रचना कुटुंबाप्रमाणे असे. एका घरात राहणाऱ्या विद्यार्थिनी स्वयंपाक, स्वच्छता व हिशेब पाळीपाळीने सांभाळीत. व्यायामावरही मोठा भर होता.

संस्थेच्या नावात विद्यापीठ हा शब्द असला तरी कायद्याच्या दृष्टीने तिचा दर्जा दीर्घकाळ विशेष महाविद्यालयाचा होता. पूर्ण विद्यापीठ म्हणून तिला १९४८ मध्ये मान्यता मिळाली. साम्राज्याची सरकारी विद्यापीठे स्त्रियांना प्रवेश देत नसत. हा नियम प्रथम तोहोकु विद्यापीठाने १९१३ मध्ये मोडला आणि तीन स्त्रियांना प्रवेश दिला. त्यांपैकी तांगे उमे ही जपान महिला विद्यापीठाच्या गृहशास्त्र विभागाची पदवीधर होती. पुढे ती नामवंत रसायनशास्त्रज्ञ झाली.

हिंगणे येथील पूर्वकार्य

कर्वे १८९१ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विद्यार्थिनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. विवाहानंतर त्यांचे नाव आनंदीबाई झाले. घरीदारी त्या बाया या नावाने ओळखल्या जात. या विवाहामुळे कर्वे यांना कोकणात मुरूड येथे बहिष्कार सोसावा लागला. १८९६ मध्ये त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. प्लेगच्या दिवसांत, १९०० मध्ये, तो रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या हिंगण्याच्या जागेत हलविण्यात आला. महाविद्यालयातील तास संपवून कर्वे रोज चार मैल चालत हिंगण्यास जात.

आश्रमातील स्त्रिया विधवा होत्या. पुनर्विवाह हा आश्रमाचा उद्देश नाही, असे कर्व्यांना पुणेकरांस वारंवार सांगावे लागे. सासर-माहेरच्या दारी नकोशा झालेल्या बाईने शिक्षिका किंवा परिचारिका होऊन स्वतःच्या पायावर उभे राहावे, हा तेथील व्यावहारिक हेतू होता. १९०७ मध्ये अविवाहित मुलींसाठी महिला विद्यालय सुरू झाले. मुलींचे विवाह लांबणीवर पडावेत, हाही त्यामागचा एक विचार होता. १९०८ मध्ये आजीवन सेवकांसाठी निष्काम कर्म मठाची स्थापना झाली.

या पूर्वपीठिकेत एक विसंगती आहे आणि चरित्रकारांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. हिंगण्याची संस्था अशा स्त्रियांसाठी उभी राहिली, ज्यांना रूढीने पत्नीपण व बहुधा मातृत्वही नाकारले होते. त्याच संस्थेतून उभे राहिलेले विद्यापीठ मात्र गृहिणी व माता या दोन भूमिकांना अभ्यासक्रमाचा पाया मानणार होते. नोकरी करून पोट भरणारी विधवा हिंगण्यात आधी आली आणि सुशिक्षित गृहिणी नंतर आली. जपानमध्ये क्रम याच्या उलट होता.

पुस्तिका आणि १९१५ चे भाषण

१९१५ मध्ये कर्व्यांकडे टपालाने एक छोटी इंग्रजी पुस्तिका आली. तीत जपान महिला विद्यापीठाची माहिती होती. ती बनारसचे शिवप्रसाद गुप्त यांनी पाठविली होती. गुप्त त्या काळात जगप्रवासात होते. पुढे १९२१ मध्ये त्यांनी काशी विद्यापीठ स्थापन केले. कर्व्यांनी पुस्तिका चाळून बाजूला ठेवली. त्याच वर्षी मुंबईत भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले आणि भाषणाच्या तयारीत त्यांनी ती पुन्हा, या वेळी बारकाईने, वाचली. आजवर स्वप्नवत वाटणारी कल्पना एका आशियाई देशाने चौदा-पंधरा वर्षे चालवून दाखविली आहे, हे त्यांच्या लक्षात आले.

डिसेंबर १९१५ मधील अध्यक्षीय भाषणात त्यांनी स्वतंत्र महिला विद्यापीठाची योजना मांडली. उच्च शिक्षण मातृभाषेतून असावे आणि अभ्यासक्रम स्त्रियांच्या गरजा ओळखून आखावा, ही तिची दोन सूत्रे होती. बहुसंख्य स्त्रिया पत्नी व माता होणार असल्याने त्यांना पुरुषांचाच अभ्यासक्रम लावणे व्यर्थ आहे, असे त्यांचे मत होते. ज्या स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने त्याच परीक्षा द्यावयाच्या असतील त्यांची वाट कोणी अडवू नये, असेही त्यांनी त्याच भाषणात म्हटले. टीकाकारांनी पहिला भाग लक्षात ठेवला आणि दुसरा विसरला.

जपानच्या उदाहरणाला महाराष्ट्रात विशेष वजन का लाभले, हेही पाहिले पाहिजे. १९०५ मध्ये जपानने रशियाचा पराभव केल्यापासून मराठी वृत्तपत्रांत व सभांत जपानविषयी कौतुक होते. दुसरे कारण अधिक स्थानिक होते. १८८९ मध्ये सुरू झालेल्या शारदा सदनावर धर्मांतराचा आरोप होऊन १८९३ मध्ये पुण्यात मोठे वादळ उठले होते. तत्पूर्वी, १८८४ मध्ये स्थापन झालेल्या हुजूरपागेतील मुलींच्या शाळेच्या अभ्यासक्रमावर 'केसरी'ने हल्ला चढविला होता, तो तेथील शिक्षण घरगुती जीवनाशी विसंगत असल्याच्या मुद्द्यावर. जपानी विद्यापीठाला यांपैकी एकही आक्षेप लागू पडत नव्हता. ते पाश्चात्त्य नव्हते, मिशनऱ्यांचे नव्हते आणि घर मोडण्याऐवजी घर सुधारण्याची भाषा बोलत होते. सनातनी वाचकालाही ते निदान ऐकून घ्यावेसे वाटले.

(पंडिता रमाबाई १८८८ च्या अखेरीस अमेरिकेहून परतताना जपानमार्गे आल्या होत्या. जपानी स्त्रियांचे जीवन प्रत्यक्ष पाहिलेल्या आरंभीच्या मराठी स्त्रियांत त्यांची गणना होते.)

स्थापना व वाद

जून १९१६ मध्ये विद्यापीठाची नियामक सभा भरली. रा. गो. भांडारकर कुलपती व र. पु. परांजपे कुलगुरू झाले. जुलैमध्ये हिंगणे येथे महाविद्यालयाचे वर्ग सुरू झाले तेव्हा विद्यार्थिनी पाच होत्या. पदवीस 'गृहीतागमा' व त्यापुढील पदवीस 'प्रदेयागमा' अशी संस्कृत नावे देण्यात आली. पहिली विद्यार्थिनी १९१९ मध्ये पदवीधर झाली. शिक्षणाचे माध्यम मराठी होते. पुढे गुजरातमधील महाविद्यालये संलग्न झाल्यावर गुजरातीचीही सोय झाली. गृहशास्त्र, आरोग्य व बालमानस यांना अभ्यासक्रमात मानाचे स्थान होते आणि गणित ऐच्छिक होते. जन्मभर गणित शिकविलेल्या माणसाने स्त्रियांसाठी गणित ऐच्छिक करावे, याचे त्या काळातही काहींना आश्चर्य वाटले.

इंग्रजीच्या प्रश्नावर महात्मा गांधींशी मतभेद झाला. मातृभाषेच्या माध्यमाचे गांधींनी स्वागत केले, परंतु इंग्रजी हा विषय सक्तीचा नसावा असे त्यांचे म्हणणे होते. कर्व्यांनी इंग्रजी आवश्यक विषय म्हणून कायम ठेवला.

सुधारकांकडून झालेली टीका अधिक बोचणारी होती. मुंबई विद्यापीठाने १८८३ मध्ये स्त्रियांना पदवी परीक्षा खुल्या केल्या होत्या आणि डेक्कन महाविद्यालयातून कॉर्नेलिया सोराबजी १८८० च्या दशकातच पदवीधर झाल्या होत्या. दार उघडे असताना बाजूला दुसरे लहान दार का काढावे, असा हा आक्षेप होता. नारुसे यांच्यासमोर हा प्रश्न उद्भवला नाही, कारण तेथे मुख्य दार बंदच होते. जपानमध्ये स्वतंत्र महिला विद्यापीठ ही गरज होती आणि महाराष्ट्रात ती निवड होती. पुस्तिकेवरून योजना उचलताना हा भेद मागे पडला, असे म्हणावे लागते. कर्व्यांचे उत्तर असे की, मुंबई विद्यापीठाची इंग्रजी माध्यमाची पदवी मूठभर स्त्रियांच्याच आवाक्यात आहे आणि त्यांना उरलेल्या स्त्रियांची चिंता आहे. या उत्तरात तथ्य होते. मात्र विद्यापीठाला सरकारी सनद नसल्याने त्याच्या पदवीवर सरकारी नोकरी मिळत नसे आणि अनेक पालक मुलींना मान्यताप्राप्त परीक्षांकडेच वळवीत.

पैशाची अडचण १९२० मध्ये दूर झाली. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली व त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठास देण्यात आले. १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्य कार्यालय मुंबईस गेले. कायद्याने मान्यता मिळण्यास स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडावा लागला. १९४९ मध्ये कायदा झाला आणि १९५१ मध्ये विद्यापीठास वैधानिक दर्जा मिळाला. त्या वेळी ठाकरसी यांच्या पत्नी प्रेमलीला ठाकरसी कुलगुरू झाल्या.

आतून आलेले प्रश्न

जपान महिला विद्यापीठाच्या गृहशास्त्र विभागातून १९०६ मध्ये हिरात्सुका रायचो पदवीधर झाली. सप्टेंबर १९११ मध्ये तिने व तिच्या मैत्रिणींनी 'सेइतो' हे केवळ स्त्रियांनी चालविलेले वाङ्मयीन मासिक काढले. संस्थापिकांपैकी बहुतेक जणी त्याच विद्यापीठात शिकलेल्या होत्या. विवाहाची सक्ती, कौमार्य, गर्भपात, स्त्रीचे स्वतःच्या शरीरावरील स्वामित्व हे विषय या मासिकात उघडपणे आले. सरकारने त्याच्या काही अंकांवर बंदी घातली. वृत्तपत्रे 'नवी स्त्री' हा शब्द कुचेष्टेने वापरीत, तो रायचोने स्वतःहून स्वीकारला. 'सेइतो' १९१६ मध्ये बंद पडले. हिंगण्यात विद्यापीठ सुरू झाले त्या वर्षी त्याच्या आदर्श संस्थेची एक प्रसिद्ध विद्यार्थिनी त्या आदर्शापासून बरीच दूर गेली होती. पुस्तिकेत अर्थातच याचा उल्लेख असण्याचे कारण नव्हते.

त्यानंतरचा वाद अधिक उद्बोधक आहे. १९१८-१९ मध्ये कवयित्री योसानो आकिको हिने असे मांडले की स्त्रीने कोणावरही, शासनावरही, आर्थिक भार टाकू नये. मुलांना जन्म देणे ही समाजाची सेवा असल्याने मातेला शासनाने आधार दिला पाहिजे, असे रायचोचे उत्तर होते. या अर्थव्यवस्थेतच दोन्ही गोष्टी अशक्य आहेत, असे यामाकावा किकुए हिने समाजवादी भूमिकेतून दाखवून दिले. माता ही कल्पना तिघींनीही टाकून दिली नाही, पण तिचा अर्थ ठरविण्याचा अधिकार त्यांनी मंत्रालयाकडून स्वतःकडे घेतला.

महाराष्ट्रात हा टप्पा सुमारे वीस वर्षांनी आला. हिंगण्याच्या संस्थेत शिकलेल्या आणि तेथे अध्यापनही केलेल्या बाळूताई खरे यांनी १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. पुढे त्या मालतीबाई बेडेकर म्हणून ओळखल्या गेल्या. शिकलेली, मिळवती, लग्नाची वाट पाहणारी किंवा लग्न नाकारणारी तरुणी या कथांच्या केंद्रस्थानी आहे. तिच्या पगारावर घर चालते, म्हणून तिच्या लग्नाची घरच्यांना घाई नसते. तिच्या शिक्षणाचे कौतुक होते, पण तिच्या इच्छेचा विचार होत नाही. पुस्तकावर प्रचंड गदारोळ झाला आणि लेखिका कोण याचा शोध घेण्याची जणू चढाओढ लागली. १९३४ मध्ये आलेल्या 'हिंदोळ्यावर' या कादंबरीत त्यांनी विवाहबाह्य सहजीवनाचा प्रश्न हाताळला. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाने मुलीला गृहिणी करावयाचे ठरविले होते. तिचे घर बसलेच नाही तर काय, याचे उत्तर त्या अभ्यासक्रमात नव्हते आणि तो प्रश्न या लेखनाने चव्हाट्यावर आणला.

कर्व्यांच्या घरातही हा बदल दिसतो. ज्येष्ठ पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले व १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. मातृत्व हे स्त्रीच्या इच्छेवर अवलंबून असावे, ही त्यांची भूमिका वडिलांच्या विद्यापीठाच्या भाषेत बसणारी नव्हती. सून इरावती कर्वे यांचे शिक्षण हुजूरपागा, फर्ग्युसन व बर्लिन येथे, म्हणजे पुरुषांसाठी असलेल्या परीक्षांच्या वाटेने झाले. १९३१ ते १९३६ या काळात त्यांनी महिला विद्यापीठात कुलसचिव म्हणून काम केले आणि नंतर मानवशास्त्रज्ञ म्हणून कीर्ती मिळविली.

घर सोडून जाणारी इब्सेनची नोरा या सर्व देशांत फिरली. तोक्योत ती १९११ मध्ये रंगभूमीवर आली आणि 'सेइतो'ने तिच्यावर विशेष चर्चा घडविली. १९२३ मध्ये पेइचिंगच्या महिला अध्यापक महाविद्यालयात लू शुन यांनी, घराबाहेर पडलेल्या नोराचे पुढे काय होणार, या विषयावर व्याख्यान दिले आणि हाती पैसा नसेल तर स्वातंत्र्य टिकत नाही असे बजाविले. मराठीत अनंत काणेकर यांनी १९४१ मध्ये हे नाटक 'घरकुल' या नावाने आणले.

आदर्शाबाहेरच्या स्त्रिया : गिरणी व मुळशी

सुशिक्षित गृहिणी होण्यासाठी आधी एक घर लागते, पतीच्या मिळकतीवर चालणारे. जपानमधील रेशीम व कापूस गिरण्यांतील कामगारांत बहुसंख्या तरुण मुलींची होती. त्या खेड्यांतून करारावर आणल्या जात, गिरणीच्या वसतिगृहांत कोंडल्यासारख्या राहत आणि रात्रपाळी करीत. त्यांना संरक्षण देणारा कारखाना कायदा १९११ मध्ये संमत झाला, पण तो १९१६ मध्ये अमलात आला. रात्रपाळीवरील बंदी प्रत्यक्षात येण्यास १९२९ साल उजाडले. शहाणी आई व्हा असे मुलींना शिकविणारे राज्य या मुलींच्या श्रमावर परकीय चलन मिळवीत होते.

हिंगण्याच्या पश्चिमेस मुळशी पेट्यात असेच एक चित्र होते. मुंबईच्या गिरण्यांना व रेल्वेला वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्यास घेतले आणि मावळातील सुमारे पन्नास गावांच्या भातजमिनी पाण्याखाली जाणार हे स्पष्ट झाले. एप्रिल १९२१ मध्ये रामनवमीस मुळशी सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे व पां. म. तथा सेनापती बापट हे त्याचे पुढारी होते. धरणाच्या कामावर जाऊन अडथळा करणाऱ्यांत मावळी शेतकरी स्त्रियाही होत्या. त्यांपैकी जाईबाई भोईटे यांचे नाव आजही तालुक्यात घेतले जाते. भाताची लावणी, बेणणी, कापणी, वरी-नाचणीची शेते, गुरे व जळण ही मावळातील कामे बहुतांशी स्त्रियांच्या अंगावर असतात. जमीन गेली तर या स्त्रीचे घर व तिचा व्यवसाय दोन्ही जातात. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातील गृहिणीला घर होते आणि व्यवसाय नव्हता. त्यामुळे पुण्यापासून एका दिवसाच्या पायी अंतरावर राहणाऱ्या या स्त्रिया त्या आदर्शाच्या कक्षेत येऊ शकल्या नाहीत. एका बाजूला गिरणीच्या संपत्तीतून स्त्रियांचे विद्यापीठ उभे राहत होते आणि दुसऱ्या बाजूला गिरण्यांना लागणाऱ्या विजेसाठी स्त्रियांची शेते बुडत होती. या दोन घटनांत जेमतेम एका वर्षाचे अंतर आहे. त्यांचा परस्परांशी थेट संबंध जोडता येत नाही, पण त्या काळाचा अभ्यास करणाऱ्याने त्या शेजारी ठेवून वाचाव्यात.

पायाच्या शिक्षणाचा प्रश्नही येथेच येतो. जपानचे महिला विद्यापीठ सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणावर उभे होते. १९११ च्या जनगणनेत भारतातील साक्षर स्त्रियांचे प्रमाण सुमारे एक टक्का होते. पुणे नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा विषय आला तेव्हा पैसा अपुरा असल्याच्या कारणास्तव आरंभी केवळ मुलग्यांसाठी सक्ती करावी, असे टिळकपक्षाने म्हटले. त्याविरुद्ध १९२० च्या प्रारंभी रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यातील स्त्रियांनी नगरपालिकेवर मोर्चा नेला. शिखर आधी बांधले गेले आणि पाया नंतर भरावा लागला, हे कर्व्यांनाही पुढे जाणवले असावे. १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी शाळा नसलेल्या खेड्यांसाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले व वर्गणीसाठी ते स्वतः दारोदार फिरले.

कर्वे यांची जपानभेट व नंतरचा काळ

मार्च १९२९ ते एप्रिल १९३० या काळात कर्वे यांनी विद्यापीठाच्या प्रचारासाठी युरोप, अमेरिका व जपान असा प्रवास केला. ज्या संस्थेवरून त्यांनी प्रेरणा घेतली ती जपानमध्ये त्यांना प्रथमच प्रत्यक्ष पाहावयास मिळाली. नारुसे यांचे निधन १९१९ मध्येच झाले असल्याने या दोघा समवयस्कांची भेट कधीच झाली नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानी शासनाने मातृत्वाचा आदर्श युद्धप्रचारासाठी वापरला व अधिक मुले जन्मास घालण्याचे आवाहन केले. राजकीय सभांना उपस्थित राहण्यावरील स्त्रियांची बंदी १९२२ मध्ये उठली होती, परंतु मतदानाचा हक्क त्यांना डिसेंबर १९४५ मध्ये मिळाला. एप्रिल १९४६ च्या निवडणुकीत ३९ स्त्रिया संसदेवर निवडून आल्या.

कर्वे यांना १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, भारतरत्न हा सन्मान देण्यात आला. हिंगण्याचा परिसर आज कर्वेनगर या नावाने ओळखला जातो आणि पुणे शहरात पूर्णपणे सामावला आहे. मूळ संस्था महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था या नावाने तेथे कार्यरत आहे. तिने १९९१ मध्ये मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. तेथे गणित सर्व विद्यार्थिनींना अनिवार्य आहे.